धरणाचे पाणी माणूस ओढते का?

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या एका छत्तीस वर्षांच्या वाचकाने लिहिले आहे : 'तीन वर्षांपूर्वी महापालिकेच्या जलतरण तलावावर पोहायला शिकलो. आता न थांबता एक किलोमीटर पोहतो. डिसेंबरमध्ये कार्यालयातील आम्ही आठ-दहा जण पवना जलाशयाच्या काठी तंबूत मुक्कामाला जाणार आहोत. सकाळी उठून समोरच्या काठापर्यंत पोहत जायचे आणि परत यायचे, असे आमच्यातल्या तिघांनी ठरवले आहे. माझा बारा वर्षांचा मुलगाही बरोबर येणार असून त्यालाही पाण्यात उतरायचे आहे. पत्नीचा सक्त विरोध आहे. तिचे माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी. "धरणाचे पाणी माणूस ओढते," एवढेच ती म्हणते आणि पुढे वाद घालत नाही. परदेशात लोक सर्रास तळ्यांत पोहतात, त्याचे व्हिडिओ मी पाहतो. नैसर्गिक पाण्यात पोहणे खरोखरच असुरक्षित आहे, की ही नुसती जुनी भीती आहे?'

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. डिसेंबरमधला हा बेत सोडून द्यावा, आणि मुलाला तर त्या पाण्यात गुडघ्याच्या वर उतरू देऊ नये. याचा अर्थ नैसर्गिक पाण्यात कधीच पोहू नये असा नाही. मी स्वतः आजोळच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून पोहायला शिकलो आणि त्या हिरव्या-काळ्या पाण्याची ओढ अजूनही गेलेली नाही; त्यामुळे तुमची हौस मला पुरती समजते. पण तुम्ही ज्या पाण्यात, ज्या वेळी, ज्यांच्यासोबत आणि जेवढे अंतर पोहण्याचे ठरवले आहे, त्या चारही गोष्टी एकेक करून तपासल्या तर त्यांतली एकही तुमच्या बाजूने उभी राहत नाही.

गैरसमजाचे थोडेसे खापर आपल्या भाषेवरही फोडावे लागेल. महापालिकेच्या पाटीवर 'जलतरण तलाव' असे लिहिलेले असते, कोल्हापूरचा रंकाळाही तलावच आणि पवईचाही तलावच. एकाच शब्दाने हाका मारल्यामुळे एका तलावात पोहता आले की दुसऱ्यातही येते, असे मनाला वाटू लागते. तुमचा एक किलोमीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या चाळीस फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी भिंत असते. तिला पाय लावून तुम्ही रेटा घेता, क्षणभर का होईना हात टेकवता, आणि तळाची निळी पट्टी पाहून सरळ रेषेत पोहता. दम लागला तर कोणत्याही क्षणी भिंत साडेबारा मीटरहून लांब नसते. जलाशयात ही भिंत नाही, पट्टी नाही, आणि हात बुडवला तर बोटे दिसेनाशी होतील असे पाणी असते. दिशा पाहण्यासाठी दर आठ-दहा हातांनी डोके वर काढावे लागते आणि डोके वर काढले की कंबर खाली जाते. त्यात दम लवकर संपतो. शिवाय पाण्यावरून पाहिले की समोरचा काठ असतो त्यापेक्षा जवळ वाटतो, कारण मधले अंतर मोजायला झाड, घर, खांब असे काहीच नसते. तंबूच्या दारात उभे राहून 'हे काय, इथेच तर आहे' असे वाटणारा काठ फोनमधल्या नकाशावर मोजून पाहा. तो एक किलोमीटर निघाला, तर जाऊन-येऊन दोन होतात, आणि दम लागेल तो नेमका मध्यावर, जिथून दोन्ही काठ सारखेच लांब.

आता तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत जाणते वाक्य तेच आहे. आपल्याकडे डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. त्या माणसाला पाण्यात ओढून नेतात, अशी समजूत आहे. आसरांवर विश्वास ठेवावा असे मी म्हणणार नाही. पण असे दगड मी जिथे जिथे पाहिले, तिथे पाणी खोल होते, भोवरा होता किंवा उतार एकाएकी तुटत होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने लावलेली ती धोक्याची पाटी होती, असे मी समजतो. जुन्या डोहांना ही पाटी मिळाली. धरणांचे पाणी त्यामानाने नवे आहे, आणि त्याच्या पोटात काय दडले आहे हे काठावरच्या गावांनाच ठाऊक असते.

धरणाचा तळ म्हणजे बुडालेला मुलूख असतो. उजनीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. पवनेतही पाणी ओसरल्यावर वाघेश्वराचे मंदिर उघडे पडते. मंदिरे दिसतात म्हणून त्यांची छायाचित्रे निघतात. पण त्यांच्याबरोबर घरांचे चौथरे, शेताचे बांध, विहिरींचे कठडे आणि तोडलेल्या झाडांचे खुंटही पाण्याखाली गेलेले असतात. डिसेंबरमध्ये जलाशय भरत आलेला असतो, म्हणजे हे सारे पाण्याच्या पृष्ठभागाखाली कुठे हातभर तर कुठे पुरुषभर खोल असते. सूर मारणाऱ्याचे डोके तिथेच आपटते. त्यात पाणी नेहमी असते त्यापेक्षा उथळ भासते. वरून पाहताना आठ फूट खोली सहा फुटांसारखी दिसते. कंबरभर पाण्यातून चालत असताना पुढचे पाऊल नदीच्या मूळ पात्रात, किंवा मुरूम वा वीटभट्टीची माती काढलेल्या खड्ड्यात पडते आणि माणूस एका पावलात कंबरेवरून डोक्याच्या वर जातो. न पोहता येणारे जे 'काठावरच' बुडतात, ते बहुतेक वेळा असे बुडतात.

काठचा गाळ ही आणखी एक गोष्ट. वरून वाळलेला, भेगाळलेला, आणि आत लोण्यासारखा. पाय घोट्यापर्यंत गेला की माणूस दुसऱ्या पायावर जोर देतो, मग तोही रुततो, आणि धडपडीत प्रत्येक हिसक्यासरशी खाली जातो. अशा वेळी उभे राहण्याचा हट्ट सोडून अंग आडवे टाकावे आणि पाय हळूहळू सोडवावेत, हे उजनीकाठच्या पोरांना शिकवावे लागत नाही. शहरातल्या पोहणाऱ्याला कुणी सांगितलेलेच नसते.

त्याहून कमी बोलली जाणारी बाब म्हणजे शेतीच्या मोटारी. जलाशयाच्या काठाने उपसा सिंचनाचे पंप टाकलेले असतात. पाणी हटेल तसे शेतकरी ते पुढे सरकवतात आणि केबल पाण्यातून, जोडावर चिकटपट्टी गुंडाळून, तशीच नेलेली असते. तो जोड उघडा पडला तर आसपासच्या पाण्यात वीज उतरते. हाताला झटका बसेल एवढीही ती नसली, तरी पोहणाऱ्याचे स्नायू जागीच आखडायला पुरेशी असते, आणि बघणाऱ्याला वाटते की याला पेटका आला. मासेमारांची जाळीही अशीच. तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक धाग्याची, जाळी पाण्यात अजिबात दिसत नाहीत. पायाला अडकली की पोहणारा पाय झाडतो आणि झाडेल तेवढी ती गुंडाळत जातात.

आणि 'ओढणे' म्हणाल, तर ते शब्दशः घडते ते धरणाच्या भिंतीपाशी, सांडव्यापाशी आणि कालव्याच्या किंवा पाणी उपशाच्या तोंडाशी. वरचे पाणी आरशासारखे स्थिर असते, खाली मात्र दरवाजातून पाणी निसटत असते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. त्या खोलीवरचे फूटभर लांब-रुंद तोंड कुणाच्या अंगाने बंद झाले, तर त्याला तिथे दाबून धरणारा भार सुमारे नऊशे किलो भरेल. तिथून सुटणे पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही हातात नसते. म्हणून भिंत, सांडवा आणि कालव्याचे तोंड यांच्या आसपास पोहणे कोणत्याही ऋतूत, कोणत्याही तयारीने, संपूर्ण वर्ज्य मानावे. पुष्कळ धरणांवर पाण्यात उतरण्यास मनाई असल्याची पाटी असते. ती दिसली की सुरक्षिततेची चर्चा करण्याचेही कारण उरत नाही.

तुमच्या बेताची वेळही वाईट आहे. डिसेंबरची पहाट, मावळातले धुके, आदल्या रात्रीचे जागरण, आणि तंबूच्या मुक्कामाला हल्ली हमखास असते ती दारू. तुम्ही पीत असाल असे मी गृहीत धरत नाही, पण तुमच्यासोबत पाण्यात उतरणारे दोघे आणि काठावरून लक्ष ठेवणारे बाकीचे यांच्याबद्दल तुम्हाला खात्री देता येईल का? धुक्यात पन्नास मीटरवरचे डोके दिसत नाही, ना मित्रांना, ना एखाद्या बोटीला. पाणीही तुमच्या सवयीपेक्षा गार असणार. गार पाण्यात एकाएकी उडी घेतली की छाती आपोआप मोठा श्वास ओढते; त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पहिलाच घोट फुफ्फुसात जातो. यावर उपाय सोपा आहे : उडी न मारता हळूहळू उतरावे, मान आणि चेहरा भिजवावा, आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत पोहायला सुरुवात करू नये. पण पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने अंगातली उष्णता काढून घेते, त्यामुळे परतीच्या वाटेवर हातांतली ताकद जाते, त्यावर हा उपाय लागू पडत नाही.

बुडणे कसे दिसते, हेही तुमच्या मित्रांपैकी किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे. चित्रपटात बुडणारा हात उंचावून 'वाचवा' म्हणतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि त्याला तो आत घ्यायलाच पुरत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात, डोळे काचेसारखे होतात, आणि हे सारे जेमतेम अर्धा ते एक मिनिट चालते. काठावरचा मित्र त्या वेळी मोबाइलवर चित्रण करत असतो आणि त्याला वाटते की हा मजा करतोय. पवना जलाशयात सहलीला आलेल्या तरुणांच्या बुडण्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव पथके हाक येताच धावतात आणि त्यांचे काम फार मोलाचे आहे. पण प्राणवायू तुटल्यावर मेंदूला कायमची इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात, आणि तेवढ्या वेळात लोणावळ्याहून पवनेला कुणीही पोहोचू शकत नाही. देशात 2022 साली बुडून मरण पावलेल्यांची संख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 38 हजारांहून अधिक आहे.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगतो की त्या चार महिन्यांत धरण, धबधबा, ओढा यांपैकी कशातही उतरू नये. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांतले कुणीही पोहायला गेलेले नव्हते.

रोगराईची भीती लोकांना बुडण्याहून अधिक वाटते, माझ्या मते उगाचच; तरी तिचा विचार करावा. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस शेण, खते, सांडपाणी सारे वाहून जलाशयात येते. उंदरांच्या मुत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस 2005 च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईने अनुभवला आहे. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, आणि पोहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळ्यांत लाली आली तर डॉक्टरांना 'मी तळ्यात पोहलो होतो' हे आपणहून सांगावे. केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूज्वर घडवणाऱ्या अमिबाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांतला नेग्लेरिया हा अमिबा कोमट गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो, पाणी पिऊन त्याची बाधा होत नाही. हा आजार अतिशय विरळा आहे, पण झाला तर वाचणारे थोडे. ऐन उन्हाळ्यात उथळ, तापलेल्या, साचलेल्या पाण्यात बुडी मारणे टाळावे, नाकाला चिमटा लावावा, तळचा गाळ ढवळू नये. पाणी मटारच्या आमटीसारखे हिरवे दिसत असेल, तर ती नील-हरित शैवालाची साय असू शकते आणि तिच्यातली विषे यकृताला बाधतात. तुमच्या सासुरवाडीच्या उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून येऊन मिसळते, त्यामुळे तिथे हा प्रश्न पवनेहून मोठा आहे. मगरींचे म्हणाल तर पवईचा तलाव, सांगलीकडची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि गोव्यातला कुंभारजुवे कालवा ही त्यांची घरे आहेत. तिथे पोहण्याचा प्रश्नच विचारू नये.

परदेशातल्या व्हिडिओंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. झुरिक शहरात दरवर्षी हजारो लोक तिथले सरोवर पोहून ओलांडतात. अंतर सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे तुमच्या बेताच्या जवळपास जाणारेच. पण तो कार्यक्रम वर्षातून एकदा, उन्हाळ्यात असतो; हवा बिघडली तर तारीख पुढे ढकलतात; पोहण्याचा मार्ग आखलेला असतो आणि त्याच्या कडेने बचाव नौका उभ्या असतात. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या तळ्यांवर जीवरक्षक नेमलेले असतात. व्हिडिओत दिसते ते निवांत पोहणे. ही सारी व्यवस्था चौकटीच्या बाहेर राहते.

म्हणून, हौस खरी असेल तर तुमचा पहिला खुला प्रवास अशाच बंदोबस्तात व्हावा. मालवणला चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे लहान अंतराच्या गटात नाव द्यावे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंग गोड्या पाण्यापेक्षा थोडे अधिक तरंगते, हा एक फायदा. तोपर्यंत टाकीतच तयारी करता येईल. खोल भागात, भिंतीला हात न लावता, टी-शर्ट आणि अर्धी विजार घालून पाठीवर दहा मिनिटे निवांत तरंगून दाखवा. ते जमत नसेल तर तुम्ही किती किलोमीटर पोहता याला अर्थ नाही, कारण दमलेल्या किंवा पेटका आलेल्या माणसाला तेवढीच एक गोष्ट वाचवते. मग दर दहा हातांना समोर मान काढून पोहण्याचा सराव करा. नैसर्गिक पाण्यात प्रथम उतराल तेव्हा ते तिथल्या एखाद्या जाणत्या कोळ्याला विचारून, त्याची होडी बरोबर घेऊन, कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा मागे ओढत, भर दिवसा आणि काठाला समांतर, छातीभर पाण्यातून असावे. अंतर टाकीत जमते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसावे. काठाला समांतर पोहणारा दमला तर उभा राहतो. पैलतीर गाठण्याची ईर्षा मोठी देखणी असते, पण तिच्यात ही सोय नाही.

पवनेला मुक्काम जरूर करा. तंबूजवळ वीस-पंचवीस मीटर दोर आणि हवा भरलेली एक ट्यूब मात्र असू द्या, कारण तुम्ही उतरला नाहीत तरी दुसरे कुणी उतरेल. कुणी गटांगळ्या खाऊ लागला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका; एकामागोमाग तिघे जातात ते अशानेच. दोर फेका, ट्यूब फेका, काहीच नसेल तर ओढण्यांना ओढण्या बांधून टाका, आणि देताना स्वतः काठावर आडवे झोपा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, त्याचे पोट दाबू नये, खांद्यावर टाकून गरगर फिरवू नये. त्यात जाणारा वेळ त्याचा असतो. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबण्यास सुरुवात करावी, आणि कुणीतरी 108 ला फोन लावावा. तो शुद्धीवर येऊन 'मी ठीक आहे' म्हणाला तरी रुग्णालयात न्यावे, कारण श्वास काही तासांनी पुन्हा बिघडू शकतो.

राहिला मुलगा. त्याला पाण्यापासून तोडू नका. त्याच्या मामाकडे पायऱ्यांची विहीर असेल, तर मे महिन्याच्या सुटीत तिथे न्या, कमरेला दोर बांधा, दोराचे दुसरे टोक मामाच्या हातात द्या आणि तुम्ही स्वतः त्याच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात राहा. उतरण्यापूर्वी मोटार बंद करवून घ्या. नुसते स्टार्टरचे लाल बटण दाबून भागणार नाही. ग्रामीण भागात वीज रात्री-बेरात्री येते आणि ऑटो स्विच लावलेला असला तर मोटार आपोआप सुरू होते. पेटीतले फ्यूज काढून ते पोहणे संपेपर्यंत तुमच्या पत्नीच्या हातात ठेवा.